ती न्हाणीत पडली नव्हती

ही गोष्ट सांगायचं मी दहा वर्षं टाळलं. मला कुणी अडवलं नव्हतं. विचारणारे पुष्कळ होते, निवृत्तीनंतर वेळही भरपूर होता, आणि मी तर छत्तीस वर्षं प्राथमिक शाळेत पोरांकडून ‘नेहमी खरे बोलावे’ हे फळ्यावरून पाटीवर उतरवून घेतलेला माणूस. तरी टाळलं.

गेल्या वर्षी माझी बायको गेली. आमच्या मुळशीत आता दहाव्याला मांडव असतो, माइक असतो, प्रवचन असतं आणि प्रवचनानंतर श्रद्धांजलीची भाषणं असतात. माझा धाकटा भाऊ माइकसमोर उभा राहिला. म्हणाला, “आमची वैनी न्हाणीत पडली, तिचा उजवा हात कायमचा अधू झाला, पन त्या माउलीनं कंदी कुनाम्होरं रडगानं गायलं न्हाई.” समोरच्या माणसांनी हळहळून माना हलवल्या. मी पहिल्या रांगेत खुर्चीवर बसलो होतो. मीही हलवली.

त्या हललेल्या मानेचा मला इतका राग आला की दहाव्याचं जेवण माझ्या घशाखाली उतरलं नाही. लोक म्हणाले, गुरुजींना दुःख झालंय. दुःख होतंच. पण त्या दिवशी घास अडला तो संतापानं, आणि संताप भावावर नव्हता. तो बिचारा मी सांगितलेलंच बोलत होता.

माझी बायको न्हाणीत कधीच पडली नव्हती. तिच्या उजव्या स्तनात गाठ झाली होती, ती शस्त्रक्रिया करून काढली, आणि त्यानंतर तिचा हात गेला तो माझ्यामुळे. स्तन हा शब्द मी आयुष्यात पहिल्यांदाच लिहितोय. चौऱ्याहत्तराव्या वर्षी जमलं. तिसरीच्या वर्गाला शरीराचे अवयव शिकवताना मी गळ्यावरून थेट पोटावर उतरायचो. मध्ये एकदा ‘छाती’ म्हणायचो आणि लगेच श्वासाबद्दल बोलायला लागायचो. मागच्या बाकांवरची पोरं खुदखुदायची, त्यांना छडी दाखवायचो. छडी खरं तर मलाच हवी होती.

गाठ तिला अंघोळ करताना हाताला लागली. दोन महिने ती गप्प राहिली. मग एका दुपारी ओसरीवर इंद्रायणी तांदूळ निवडत बसली होती, तेव्हा सुपातून मान वर न करता म्हणाली,

“अहो, माझ्या हितं कायतरी लागतंय.”

“इथं म्हणजे कुठं?”

“हितंच की.” तिनं बोट दाखवलं नाही, नुसता पदर सारखा केला.

मी पेपर वाचत होतो. “दुखतंय का?”

“न्हाई.”

“मग काही नाही. जाईल आपोआप.”

बास, एवढंच बोललो मी. माझ्या गाडीच्या चाकातून आवाज आला असता तर मी त्याच दिवशी पिरंगुटला मेकॅनिककडे गेलो असतो. बायकोनं सांगितलं, तर पेपराचं पान उलटलं. आमच्या आळीत बायकांच्या सगळ्या दुखण्यांना मिळून एकच नाव होतं: ‘बायकांचं कायतरी’. ते एकदा म्हटलं की पुरुषांनी पुढं विचारायचं नसतं, बायकांनी पुढं सांगायचं नसतं, आणि दुखण्यानं आपापलं वाढत राहायचं असतं.

आम्हाला एकच मुलगी, उशिरा झालेली. ती तेव्हा हिंजवडीला नोकरीला होती. तिनं आईच्या पाठीला तेल लावताना काखेजवळ ती गाठ पाहिली. तिनं मला काही विचारलं नाही. दुसऱ्याच दिवशी रजा टाकली आणि आईला गाडीत घालून बावधनच्या दवाखान्यात घेऊन गेली. तपासण्या झाल्या. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, गाठ मोठी आहे, काखेपर्यंत गेलीय, काढून तपासायला पाठवावी लागेल, काखेतलाही एक तुकडा घ्यावा लागेल. आठवड्याच्या आत शस्त्रक्रिया झाली.

घरी सोडताना डॉक्टरीणबाईंनी मला मुद्दाम आत बोलावलं. वयानं माझ्या मुलीएवढ्याच असतील. त्यांनी स्वतः भिंतीजवळ उभं राहून दाखवलं.

“काका, नीट बघा. उद्यापासून अशी बोटं भिंतीवरून हळूहळू वर चढवायची. मुंगी चढते तशी. रोज थोडं वर. वजन उचलायचं नाही, झटका द्यायचा नाही, पण हात बांधून ठेवायचा नाही. बांधून ठेवला तर खांदा धरतो आणि मग आयुष्यभर सुटत नाही. लक्षात राहील ना?”

“राहील,” मी म्हणालो. राहिलंही. अजून शब्द न् शब्द लक्षात आहे.

मुलगी गाडी चालवत होती, मी तिच्या शेजारी, बायको मागं उशीला टेकून. भूगावच्या वळणावर नेहमीसारखी गाड्यांची रांग लागली होती. त्या रांगेत मी विचार केला की आता घरी गेल्यावर लोक बघायला येणार. काय झालं म्हणून विचारणार. मला दरदरून घाम फुटला. बायकोला कर्करोग असेल का, अहवालात काय येईल, याचा घाम नव्हता तो. पारावर मला कुणी ‘गुरुजी, कशाचं आपरेशन?’ असं विचारलं तर मी कुठला शब्द वापरायचा, याचा होता.

“कुणी विचारलं तर न्हाणीत पाय घसरून पडली म्हणून सांगायचं,” मी म्हणालो. “खांद्याला मार लागलाय म्हणायचं.”

मुलीनं माझ्याकडं पाहिलं. “का पण?”

“तुझी बोलणी चाललीयत. अजून सुपारी फुटायचीय. आईला असलं काही झालंय कळलं, तर ते म्हणतील, उद्या मुलीलाही होईल.”

“म्हणू देत. तसं म्हणणाऱ्या घरात मला जायचं नाही.”

“तुला कळत नाही.”

“अण्णा, माझ्या लग्नाचं नाव कशाला पुढं करताय? तुम्हाला लाज वाटतीय. तेवढं म्हणा ना.”

पोरगी खरं बोलत होती. मागून बायको एवढंच म्हणाली, “आन् हात? पडले म्हणल्यावर हात कसा मोकळा दिसंल?”

तिनं मला अडवलं नाही, उलट माझ्या खोट्यातली फट दाखवली. भुकूमच्या मेडिकलमध्ये उतरून मी गळ्यात अडकवायची निळी झोळी घेतली. दुकानदारानं विचारलं, “फ्रॅक्चर का गुरुजी?” मी म्हणालो, “हो.” पहिलं खोटं तिथं बोललो. जराही अडखळलो नाही. घराच्या फाटकात गाडी थांबली तेव्हा मी माझ्या हातानं तिच्या गळ्यात ती झोळी घातली. जो हात बांधायचा नाही म्हणून मला मुद्दाम दाखवून सांगितलं होतं, तोच मी बांधला.

दुसऱ्या दिवसापासून माणसं यायला लागली. बिस्किटांचे पुडे, शहाळी, सफरचंदं. बायका तिच्या पलंगाभोवती बसायच्या, पुरुष ओसरीवर. आमच्याकडं आठ खोल्या भाड्यानं दिलेल्या, त्यात घोटावड्याच्या कारखान्यांतली माणसं राहायची. त्यावरून शेजारची आत्या मला सगळ्यांसमोर म्हणाली,

“काय ओ गुरुजी, भाडेकरूंच्या न्हाण्यांना खडबडीत फरशी घातली, आन् सोताच्या बायकूला गुळगुळीत? दगड टाकून ठिवायचा हुता येक!”

सगळे हसले. मीही हसलो. मग म्हणालो, “शेवाळ झालं होतं.” बघा, खोट्याला लगेच शेवाळही फुटलं. मग कोपऱ्यातली बादली आली, सकाळची वेळ आली, कुठल्या अंगावर पडली ते आलं. गुरुजी खोटं बोलत नाहीत, ही गावाची खात्री. त्या खात्रीचा मी चार दिवस मनसोक्त वापर केला. आत एक बाई टाके सांभाळत, झोळी गळ्यात घालून, “व्हय ओ, येकदम पायच सरकला,” असं सांगत होती. तिला साधं “हितं टाकं हायेत, हितं दुखतंय” एवढं म्हणायची मुभा नव्हती. दुखणं तिचं होतं, आणि दुखतंय कुठं हे मात्र मी ठरवलं होतं.

बोटं भिंतीवर चढवायचा व्यायाम ती माणसं गेल्यावर करायची. पण माणसं जायचीच नाहीत. एक घोळका उठला की दुसरा चपला काढत असायचा. एकदा ती दार लोटून भिंतीशी उभी होती तर माझी भावजय आत शिरली आणि म्हणाली, “अगं बया, मोडक्या हातानं भिंत काय चाचपती? बस खाली!” तेव्हापासून तेही बंद झालं. मुलगी संध्याकाळी कामावरून आल्यावर झोळी काढायला लावायची. सकाळी ती गेली की मी पुन्हा घालायचो. कुणीतरी येईल म्हणून.

पाचव्या दिवशी माझा भाऊ हाडवैद्याला घेऊन आला.

आमच्याकडं हात-पाय मोडला, मुरगळला, सांधा निसटला की आधी हाडवैद्य. अजूनही. तो काही भोंदू नव्हता. घोटावड्याच्या अंगाला राहणारा, बापापासून हीच विद्या चालवणारा सरळ माणूस. माझ्याच शाळेत शिकलेला. माझा भाऊ त्याला मोटारसायकलवर मागं बसवून घेऊन आला, तो वहिनीच्या काळजीनंच.

“दादा, शहरातल्या डाक्टरानं प्लास्टर न्हाई, पट्टी न्हाई, नुसती झोळी दिलीया. असं कुटं असतंय व्हय? हे बगतील. येका झटक्यात बसवत्यात.”

‘झटका’ हा शब्द ऐकला आणि मला भिंतीजवळ उभ्या डॉक्टरीणबाई दिसल्या. त्या क्षणी माझ्याकडं काय नव्हतं? जीभ होती. घरचा कर्ता मीच होतो. आणि ‘राहू दे रे, तिचं ऑपरेशन झालंय’ हे सांगायला कितीसा वेळ लागतो? पण लगेच भावानं विचारलं असतं, कशाचं ऑपरेशन? हाडवैद्य माझा विद्यार्थी, समोर दोन भाडेकरू, भावजय, आत्या. मी म्हणालो, “दवाखान्याचं औषध चालू आहे, कशाला आता?” एवढा मिळमिळीत विरोध केला आणि भावानं तो हातानं बाजूला सारला.

हाडवैद्य पलंगाजवळ बसला. मोठ्या अदबीनं म्हणाला, “काकी, पडला कशा?”

ती माझ्याकडं बघत राहिली. इतका वेळ बघत राहिली की सगळ्यांनी माझ्याकडं पाहिलं.

“उजव्या अंगावर,” मी म्हणालो.

त्यानं पदरावरूनच खांदा चाचपला. म्हणाला, “हाड शाबूत हाय. पन खांदा जाग्यावर न्हाई वाटत. काकी, जरा कळ सोसा.” त्यानं झोळी काढली, मनगट धरलं, कोपर आपल्या गुडघ्यावर घेतलं आणि हात वर खेचला.

ती ओरडली नाही. तिचं तोंड उघडलं, पण आवाज आला नाही. मी अंगणातून कुणी हाक मारल्यासारखा दाराकडं वळलो. कुणी हाक मारली नव्हती. मला बघवत नव्हतं म्हणून मी पाठ फिरवली. त्यानं आणखी एकदा खेचला. मग तेल लावलं, झोळी परत घातली आणि म्हणाला, “बसला. आता हालवायचा न्हाई, धा-बारा दिस.”

“बरं वाटतंय आता,” ती म्हणाली. तिनं पदर ओढून छातीवर घट्ट धरला होता. भावजय कौतुकानं म्हणाली, “बगा, घाम फुटला पन ‘आई गं’ म्हणली न्हाई!” हाडवैद्यानं नारळाशिवाय काही घेतलं नाही, माझ्या पाया पडला आणि गेला.

सगळे बाहेर गेल्यावर तिनं पदर काढला. पोलक्याची उजवी बाजू लाल झाली होती. टाके उसवले होते.

“तू सांगायचं नाहीस का?” मी म्हणालो. हो, मी तिला विचारलं! तिलाच! आज हे लिहिताना वाटतं, त्या माणसाला त्या खोलीतून ओढून बाहेर काढावं.

ती म्हणाली, “तुमी सांगितलंय न्हवं, पडले म्हून? मग पडलेच मी.”

मुलगी कारखान्याच्या बसेसच्या गर्दीतून हॉर्न वाजवत आली आणि आम्ही पुन्हा बावधनला गेलो. डॉक्टरीणबाईंनी जखम पाहिली आणि त्यांचा चेहरा बदलला.

“हे कसं झालं? कुणी ओढलं का?”

मी खुर्चीत बसलो होतो. बायकोनं माझ्याकडं पाहिलंसुद्धा नाही. म्हणाली, “पान्याची बादली उचलली मी. चुकलं माजं.”

मग डॉक्टरीणबाई तिच्यावर चिडल्या. तुम्हाला सांगितलं होतं ना, तुम्ही बायका ऐकतच नाही, स्वतःची किंमतच नाही तुम्हाला, असं खूप बोलल्या. ती मान खाली घालून ऐकत राहिली. जे सगळं माझ्या तोंडावर मारायला हवं होतं ते तिनं ऐकून घेतलं, आणि मी तिथं बसून ते तिच्या अंगावर पडू दिलं.

त्याच दिवशी अहवाल हातात आला. गाठ साधी होती. कर्करोग नव्हता. मुलगी रडली. बायको हात जोडायला गेली तर उजवा हात वर येईना, तिनं डावाच कपाळाला लावला. मला आनंद झाला, नाही म्हणत नाही. पण विचार करा. ज्या दुखण्यानं तिचा जीव जाऊ शकला असता त्यानं तिला सोडलं. हात गेला तो त्या दुखण्यामुळं गेला नाही. नवऱ्याच्या तोंडात एक शब्द मावला नाही म्हणून गेला.

जखम चिघळली. दीड महिना पट्ट्या चालल्या. त्या काळात व्यायाम बंदच होता, आणि झोळी गळ्यात होतीच, आता तर हाडवैद्याचंही वचन होतं. जखम भरली तेव्हा खांदा धरला होता. हात कोपरातून वळायचा, पण वर जायचा नाही. व्यायाम शिकवणाऱ्या बाईंकडं मुलीनं चार महिने नेलं. थोडा सुटला. छातीपर्यंत आला. त्याच्या वर कधीच गेला नाही.

मुलीचं लग्न त्याच वर्षी झालं. भुकूमला कार्यालय घेतलं होतं. आमच्याकडं वरात दारात आली की मुलीच्या आईनं जावयाला ओवाळून आत घ्यायचं. नवरदेव घोड्यावरून उतरून समोर उभा राहिला. बायको नवीन नऊवारी नेसली होती, नथ घातली होती, दोन दिवस आधीपासून ती माझ्या नकळत ताट धरून बघत होती. मला नंतर मुलीनं सांगितलं. उजव्यानं धरायचं आणि डाव्यानं कोपराला खालून आधार द्यायचा, असं तिनं जमवलं होतं. पण ऐन वेळी मीच भावजयीला खुणावलं. हिचा हात थरथरला, ताट पडलं, तर चार लोक चार प्रश्न विचारतील. भावजय पुढं झाली आणि हिच्या हातातून ताट घेऊन मोकळी झाली. “तुमी ऱ्हावा वैनी, मी करते की, माजी बी लेकच हाय.” वाजंत्री वाजत होती. नवरदेवाला माझ्या भावजयीनं ओवाळलं. मुलीची आई मागं, फुलांच्या कमानीच्या खांबाला टेकून उभी राहिली आणि रिकाम्या हातानं अक्षतांची वाटी शोधत राहिली.

त्यानंतर पहिल्याच दिवाळीला विहीणबाई आमच्या घरी आल्या. मोठ्या बोलक्या बाई, मोकळ्या गळ्यानं हसणाऱ्या. चहा पिता पिता कुठल्याशा औषधाचा विषय निघाला आणि त्या म्हणाल्या,

“मला ते चालत न्हाई बाई. माझ्या छातीतली गाठ काढली न्हवं तीन वर्सांमागं. आक्ख्या गावाला ठावं हाय. ह्यांनी तर पारावर सांगितलं, ‘आमच्या बाईची छातीतली गाठ काढायचीय, कुणाचं रक्त जुळतंय का बघा.’ पाच पोरं आली रक्त द्यायला!”

त्या खो खो हसल्या. त्यांचे यजमान, म्हणजे आमचे व्याही, एक इयत्ताही न शिकलेले माणूस, शेजारी चकली मोडत बसले होते. म्हणाले, “मग? लपवून काय, गाठ लाजून पळनार हुती व्हय?”

याच माणसांच्या भीतीनं मी माझ्या बायकोच्या गळ्यात झोळी घातली होती.

मग विहीणबाईंनी हिला विचारलं, “तुमचा ओ हात कशानं असा?”

माझ्या हातात कप होता. मी मनात म्हणालो, सांग. आता सांग. पण मी ते मनात म्हणत होतो, आणि तोंड तिनं उघडावं अशी माझी अपेक्षा होती. इतका निर्लज्जपणा! खोटं बोलायला लावणारा मी, आणि खरं बोलायचं धाडसही तिनंच करायचं.

ती शांतपणे म्हणाली, “न्हाणीत पडले मी.” आणि मला म्हणाली, “अहो, पावन्यांना लाडू घ्या की.”

तिनं नऊ वर्षं माझं खोटं सांभाळलं. माझी अब्रू सांभाळली, असं गावाच्या भाषेत म्हणतात. कसली अब्रू? बायकोच्या अंगाचं नाव घेता येत नाही, ही अब्रू? तिचे टाके उसवेपर्यंत दुसऱ्यानं हात खेचला तरी तोंड मिटून उभं राहायचं, ही अब्रू? असली अब्रू घरोघरी जपतात. मी मास्तर असून जपली, मग बाकीच्यांना काय नावं ठेवू? पण ठेवतो. ठेवायलाच हवीत. ज्या ज्या घरात ‘बायकांचं कायतरी’ म्हणून दार लोटून घेतलं जातं, त्या घरातल्या पुरुषांना मी नावं ठेवतो, आणि सुरुवात माझ्यापासून करतो.

तिचा अंबाडा मुलगी होती तोवर मुलगी घालायची, मग एक भाडेकरीण घालून द्यायची, बिहारची होती, तिला ही मराठीतच सूचना करायची. पोलक्याला बाही चढवायला तिला खूप वेळ लागायचा. वरच्या फळीवरचा डबा तिला पोचायचा नाही. तेव्हा मी सुताराला बोलावून स्वयंपाकघरातल्या सगळ्या फळ्या खाली घेतल्या. तुळशीचा कट्टाही बुटका करून घेतला. गाव म्हणालं, गुरुजींसारखा नवरा मिळायला भाग्य लागतं. मी ऐकून घेतलं. फळ्या खाली घेता आल्या. माफी मागता आली नाही.

एकदा पौडहून येताना बसमध्ये आम्ही शेजारी बसलो होतो आणि मी सुरुवात केली. “त्या वेळी मी...” एवढं म्हणालो. ती खिडकीबाहेर नव्या इमारती बघत होती. म्हणाली, “कोनत्या येळंला?” मी म्हणालो, “काही नाही.” तिनं परत विचारलं नाही. तिला कळलं होतं की नाही, मला माहीत नाही. बहुतेक कळलं होतं. पण तिला कळलं होतं असं म्हणून मी सुटू पाहतोय का, हेही मला ठरवता येत नाही.

गेल्या वर्षी तिच्या छातीत कळ आली. हृदयाचं दुखणं निघालं. तीन दिवस दवाखान्यात होती. दुसऱ्या दिवशी ती बरी दिसली, उठून बसली, थोडी पेज प्यायली. मुलगी औषध आणायला गेली होती आणि आम्ही दोघंच होतो. मी स्टूल पलंगाजवळ ओढलं. मी ठरवून गेलो होतो. वाक्यं पाठ केली होती, तालुक्याच्या भाषणस्पर्धेला पोरांकडून करून घ्यायचो तशी.

तेवढ्यात परिचारिका रक्तदाब बघायला आली. तिनं उजव्या हाताला पट्टा बांधायला हात उचलला आणि तो वर येईना.

“आजी, हा असा का? काय झालं होतं?”

बायकोनं डोळे मिटले होते. पण ती जागी होती. मला तिच्या पापण्या हलताना दिसत होत्या. ती उत्तर देत नव्हती. नऊ वर्षांत पहिल्यांदा तिनं त्या प्रश्नाचं उत्तर दिलं नाही. ती माझ्यासाठी जागा सोडत होती, असं मला वाटलं. अजून वाटतं.

परिचारिकेनं माझ्याकडं पाहिलं. “काका?”

“न्हाणीत पडली होती,” मी म्हणालो.

परिचारिका दुसऱ्या हाताला पट्टा बांधून, आकडा लिहून निघून गेली. बायकोनं डोळे उघडले, माझ्याकडं पाहिलं आणि विचारलं, “च्या घेतला का तुमी?” मी म्हणालो, “घेतो.” आणि उठून बाहेर गेलो. दुसऱ्या दिवशी सकाळी ती गेली.

पाठ केलेली वाक्यं चारच होती. तू पडली नव्हतीस. मी खोटं बोललो, कारण मला लाज वाटली. तुझा हात मी घालवला. मला माफ कर.